गाडीच्या पोटातलं साल

सोलापुरात कुशनच्या कुठल्याही दुकानात जाऊन ‘रेक्झिन दाखवा’ म्हटलं, की दुकानदार धडाधड तागे उलगडतो. चॉकलेटी, काळा, मरून, मोरपंखी. त्या ढिगात खरं रेक्झिन एकही नसतं. ते सगळं पीव्हीसी असतं. रेक्झिन हे मुळात मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या एका कारखान्याच्या मालाचं नाव. सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा रंगीत लेप चढवायचा, वर दाब देऊन चामड्यासारखी सुरकुती उठवायची, की झालं रेक्झिन. दोन महायुद्धांच्या दरम्यान आणि नंतरही बरीच वर्षं ब्रिटिश मोटारींची दारं, सीटच्या बाजू आणि पाठी या कापडानं मढवल्या जात. पुढं पीव्हीसी आलं, लेपाचं कापड मागं पडलं. आपल्याकडं नाव तेवढं राहिलं.

जुनी ब्रिटिश मोटार मूळ रूपात आणायची म्हणजे नाव आणि वस्तू यांच्यातल्या अशा फटी शोधत बसायचं. इंजिनाच्या बाबतीत ते तुलनेनं सोपं जातं, कारण इंजिनावर नंबर कोरलेला असतो. आतल्या सजावटीवर नंबर नसतो. पण साल असतं. शिलाईत, डायलच्या रंगात, बटणाच्या आकारात, पॅनलच्या पुठ्ठ्यात ते दडलेलं असतं. ते कसं वाचायचं आणि वाचल्यावर काम कोणत्या क्रमानं करायचं, ते इथं पायरीपायरीनं पाहू.

आधी गाडी कुठं बनली ते ठरवा

हिंदुस्थानातल्या मोटार उद्योगाच्या आरंभाशी सोलापूरचं नातं आहे. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी करणारे वालचंद हिराचंद १८८२ मध्ये याच शहरात जन्मले. पण त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन डॉज-प्लिमथ आणि मग इटालियन फियाट जोडल्या गेल्या. ब्रिटिश वंशाच्या गाड्या आल्या त्या दुसऱ्या दोन घरांतून. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात हिंदुस्थान मोटर्सनं मॉरिसचे नमुने घेतले. मॉरिस मायनर इथं ‘बेबी हिंदुस्थान’ झाली, ऑक्सफर्डच्या दुसऱ्या मालिकेची लँडमास्टर झाली आणि तिसऱ्या मालिकेची अ‍ॅम्बॅसडर. मद्रासच्या कारखान्यात स्टँडर्ड कंपनीची व्हॅनगार्ड आणि १९६१ पासून हेरल्ड बनू लागली. याशिवाय थेट विलायतेहून जहाजानं उतरलेल्या गाड्या वेगळ्याच.

हा फरक पुढच्या प्रत्येक निर्णयात आडवा येतो. विलायतेहून तयार आलेल्या गाडीला तिकडची कागदपत्रं लागू पडतात. मॉरिस, ऑस्टिन, एमजी अशा गाड्यांसाठी इंग्लंडमधल्या गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून जुन्या उत्पादन-नोंदींवर आधारित दाखला मिळू शकतो. गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, आतली सजावट कोणत्या रंगाची, कुठं पाठवली, हे त्यात असतं. सुट्या भागांच्या खोक्यांतून येऊन इथं जोडलेल्या गाडीला मात्र हे सगळं तसंच्या तसं लावता येत नाही. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर देशी भागांचा वाटा वाढवणं कंपन्यांना भाग पडलं. फोर्ड आणि जनरल मोटर्सनी त्याच सुमाराला इथून काढता पाय घेतला. सर्वांत आधी आणि सर्वांत सहज देशी होणाऱ्या गोष्टी म्हणजे कापड, काथ्या, रबर आणि काच. म्हणून उत्तरपाड्याच्या गाडीत विलायती पुस्तकाबरहुकूम चामडं बसवणं ही दुरुस्ती ठरत नाही. ती दुसऱ्याच कोणाची तरी गाडी होते. अशा गाडीचं सर्वांत विश्वासार्ह कागदपत्र म्हणजे ती गाडीच.

साल कसं वाचायचं: मायनरचा धडा

सराव म्हणून मॉरिस मायनर घेऊ. अ‍ॅलेक इसिगोनिसनं रचलेली ही गाडी १९४८ मध्ये आली आणि दोन दशकांहून जास्त काळ बनत राहिली. बाहेरून सगळ्या मायनर बहिणी वाटतात. आत शिरलं की वयं कळतात.

स्पीडोमीटर ड्रायव्हरच्या समोर असेल तर गाडी पहिल्या काळातली. १९५४ च्या शरदात तो डॅशबोर्डच्या मध्यावर आला, मोठा आणि गोल. मधोमध असल्यानं उजव्या आणि डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांना एकच डॅशबोर्ड चाले. १९५६ मध्ये दुभंगलेली पुढची काच जाऊन एकसंध वक्र काच आली आणि गाडीला ‘मायनर १०००’ म्हणू लागले. वळण दाखवायला दारामागच्या खांबातून बाहेर पडणारा छोटा दिव्याचा हात असेल, तर गाडी १९६१ च्या बदलाआधीची. त्यानंतर लुकलुकणारे दिवे आले. गाडी सुरू करायला ओढायची मूठ असेल तर ती १९६४ च्या आधीची. त्या साली किल्लीनं सुरू होणारी सोय आणि दोन आऱ्यांचं स्टिअरिंग आलं.

आता एखादी १९५८ ची मायनर घ्या. पूर्वीच्या मालकानं सोय म्हणून किल्लीचा स्टार्टर बसवला, दिव्याचे हात काढून खाचा पत्र्यानं बुजवल्या, आणि भंगारातून आलेलं नंतरचं स्टिअरिंग जोडलं. तिन्ही वस्तू अस्सल मॉरिसच्या आहेत, तरी गाडी खोटं बोलते आहे. सालाशी जुळणं म्हणजे भाग अस्सल असणं एवढंच नाही. सगळे भाग एकाच दिवशी एकाच गाडीत असू शकले असते का, हा खरा प्रश्न आहे.

याच जागी आणखी एक भ्रम सोडून द्यावा लागतो. ब्रिटिश गाडी म्हटलं की अक्रोडाचं लाकूड आणि चामड्याचा वास डोळ्यांपुढं येतो. तो रोल्स-रॉइस, डेमलर, जॅग्वार यांचा थाट. साध्या माणसाच्या ब्रिटिश गाडीत रंगवलेला पत्रा, रबराची चटई आणि लेपाचं कापड असे. १९५९ च्या पहिल्या हेरल्डचा डॅशबोर्ड दाबलेल्या तंतूंच्या पुठ्ठ्याचा होता. लाकडी चेहरा पुढच्या १२०० च्या नमुन्याला मिळाला. जॅग्वारच्या ई-टाइपमध्येही सुरुवातीला मधल्या पट्टीवर लाकूड नव्हतं, ठिपक्यांच्या नक्षीचं अ‍ॅल्युमिनियम होतं. मायनरमध्ये सागाचा चकचकीत डॅशबोर्ड बसवणारा कारागीर कितीही कुशल असो, तो गाडीला तिच्या ऐपतीबाहेरचे दागिने घालतो आहे.

काढण्याआधी मोजा

कामाचा पहिला आठवडा हत्यारं बाजूला ठेवून वहीनं करायचा. प्रत्येक भागाचा फोटो काढायचा, शेजारी फूटपट्टी आणि एक पांढरा कागद ठेवून. पांढरा कागद अशासाठी, की सोलापूरच्या दुपारच्या उन्हात मोबाइल रंग फिके दाखवतो; कागदाच्या पांढऱ्यावरून मागाहून अंदाज बांधता येतो. सकाळी आठच्या सुमाराला, सावलीत काढलेला फोटो उत्तम.

मग सीटवरच्या उभ्या पट्ट्या मोजायच्या. पट्टीची रुंदी, शिवणीच्या एका इंचात टाके किती, पायपिंगची जाडी, पायपिंग सीटच्या रंगाचं की वेगळ्या रंगाचं. कार्पेटची कडा नुसती कापलेली की कापडानं बांधलेली. टिच बटणं कुठं कुठं. दाराच्या पॅनलवरची उठावाची रेघ खालून किती इंचांवर. हे आकडे सीट उसवल्यावर मिळत नाहीत.

रंगाचा खरा पुरावा दिसत्या भागावर कधीच नसतो. चाळीस-पन्नास उन्हाळे सोसून हिरव्याचा करडा होतो आणि तांबड्याचा विटकरी. म्हणून जिथं ऊन आणि हात पोचले नाहीत तिथं बघायचं: पायपिंगच्या आत दुमडलेली कड, काच वर-खाली करण्याच्या दांड्याखालची चकती, अ‍ॅश ट्रेच्या मागची जागा, सीटखाली चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोकलेला काठ. नंतरच्या मालकांनी एकावर एक खोळी चढवल्या असतील तर त्या कांद्यासारख्या एकेक करून सोडवायच्या. सर्वांत आतला थर बहुधा कारखान्याचा असतो. ‘बहुधा’ म्हटलं ते मुद्दाम. त्या थराच्या चुका एकदाच ठोकलेल्या आहेत, की लाकडात जुन्या चुकांची रिकामी भोकंही आहेत, ते पाहावं. रिकामी भोकं दिसली तर याही आधी कोणीतरी ही सीट उघडली होती.

कापड, चामडं आणि धागा

ब्रिटिश गाड्यांत चामडं असलं तरी ते सगळीकडं नसे. माणूस जिथं टेकतो तेवढ्या भागाला चामडं आणि बाजूला, पाठीला, दारांना त्याच रंगाचं लेपाचं कापड, ही सर्रास पद्धत होती. आज हौशी मालक सगळंच चामड्यात करतो आणि तिथंच चुकतो. लंडनची कॉनोली ही १८७८ ची पेढी रोल्स आणि जॅग्वारसारख्यांना चामडं पुरवी. अशा चामड्यावरच्या बारीक भेगा साफ करून, तेल-मेण पाजून जपता येत असतील तर ते बदलू नये. नवं चामडं केव्हाही मिळतं, साठ वर्षं बसून झालेलं मिळत नाही.

साठच्या दशकातल्या पीव्हीसी सीटची एक खूण कारागिरांच्या नजरेतून हमखास सुटते. त्यांतल्या पुष्कळ सीटवरच्या पट्ट्या शिवलेल्या नसतात. उष्णतेनं दाबून, दोन थर एकमेकांत वितळवून उठवलेल्या असतात. आपला कुशनवाला त्याच जागी मशीनची शिवण मारतो. काम सुरेख दिसतं, साल मात्र दहा वर्षांनी मागं जातं. उलट, जिथं मूळची शिवणच होती तिथं आजचा चमकणारा पॉलिस्टर धागा डोळ्यांत खुपतो. सुती किंवा निस्तेज धागा वापरावा आणि टाक्याची लांबी वहीतल्या आकड्याशी जुळवावी.

युद्धापूर्वीच्या मोठ्या गाड्यांत मागच्या सीटवर आणि छताला बऱ्याचदा लोकरी कापड असे. तिथं सोलापूरकर इतरांहून भाग्यवान आहे. १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदासांनी इथं पहिली गिरणी उभारली, तेव्हापासून या गावाला कापड वाचता येतं. जुन्या कापडाचा तळहाताएवढा तुकडा घेऊन एखाद्या अनुभवी मागवाल्याकडं जा. तो धागे मोजायचं भिंग डोळ्याला लावून इंचात ताणे किती, बाणे किती, पीळ कोणता, वीण साधी की तिरपी, हे सांगेल. मोठी गिरणी पंधरा मीटर कापडासाठी यंत्र लावणार नाही. हातमागावर तेवढं विणून घेता येतं. सूत मात्र बारीक लोकरीचं बाहेरून मागवावं लागेल. आपल्या घोंगडीची दख्खनी लोकर जाड आणि टोचरी. ती पाठीवर घ्यायला ठीक, छताच्या अस्तराला नाही.

गादीचं पोट

सीट उसवल्यावर आत काय निघतं ते नीट बघा: स्प्रिंगांची चौकट, त्यावर तरट, त्यावर घोड्याच्या केसांचा किंवा काथ्याचा थर, वर कापसाचा पातळ पदर, मग कापड. १९५० नंतरच्या काही सीटमध्ये रबराच्या चिकापासून बनवलेला फोम सापडतो. तो डनलॉपनं १९२९ च्या सुमाराला काढला होता.

आजचा सोपा रस्ता म्हणजे हे सगळं फेकून पॉलियुरेथेन फोमचा ठोकळा कापून बसवणं. त्यात दोन तोटे आहेत. फोम फुगीर राहतो, त्यामुळं सीट कारखान्यातल्यापेक्षा टपोरी दिसते. शिवाय बसणारा वर उचलला जातो. छत आधीच बुटकं, डोकं टेकायला लागतं. रबर फवारलेल्या काथ्याचे तक्ते गाद्यांच्या दुकानात मिळतात आणि जुन्या केसांच्या थराचं काम ते जवळजवळ तसंच करतात. स्प्रिंग गंजली असेल तर तेवढीच बदलावी. तरट नवं घ्यावं आणि चौकटीला पूर्वी होतं तितक्याच ताणानं बांधावं. तरट सैल राहिलं तर वरचं सगळं काम सहा महिन्यांत खड्ड्यात जातं.

दारांची गोष्टही अशीच आतली आहे. मूळ पॅनल पातळ पुठ्ठ्याचं किंवा हार्डबोर्डचं असतं. त्याऐवजी सुताराकडून जाड प्लायवूड कापून आणलं, की काच फिरवायचा दांडा पुरेसा आत बसत नाही आणि त्याची पिन भोकाशी जुळत नाही. मग दांडा ठोकून बसवतात, तो डगडगतो, आणि दोष जुन्या गाडीला लागतो. जुनं पॅनल कितीही वाकलेलं असलं तरी फेकू नका. त्यावरून नवं आखून घ्या, सगळ्या भोकांसकट. पॅनलमागं पाणी अडवणारा कागद किंवा प्लॅस्टिकही परत लावा. सोलापुरात पाऊस कमी असला, तरी पुठ्ठा भिजायला वळवाची एक सर पुरते.

डायल, तारा आणि लाकूड

स्मिथ्स कंपनीच्या स्पीडोमीटरच्या तोंडावर बारीक अक्षरांत एक क्रमांक आणि त्याखाली एक आकडा असतो. तो आकडा म्हणजे एका मैलाला केबल किती वेळा फिरते. दुसऱ्या गाडीतलं तसंच दिसणारं मीटर बसवलं आणि हा आकडा जुळला नाही, तर काटा बिनदिक्कत खोटा वेग दाखवतो. मैलांचं मीटर किलोमीटरचं करून घेऊ नका. आपल्याकडं मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा. त्याआधीच्या गाडीत किलोमीटरचा डायल म्हणजे पेशवाईच्या नाटकात मनगटी घड्याळ. आणि युद्धाआधीच्या घड्याळाचे किंवा डायलचे अंधारात चमकणारे काटे खरवडू नका. त्या काळच्या काही चमकत्या रंगांत रेडियम असे. काच बंदच राहू द्या.

डॅशबोर्डमागच्या तारा कापडी वेष्टणाच्या असतात आणि त्यांचे रंग बोलतात. तपकिरी तार बॅटरीकडून थेट येते, पांढरी किल्लीच्या पुढची, हिरवी फ्यूजच्या पुढची, निळी मोठ्या दिव्यांची, तांबडी बाजूच्या दिव्यांची, काळी अर्थिंगची. इलेक्ट्रिशियननं सगळीकडं एकच लाल तार ओढली, तर पुढच्या माणसाची वाचायची भाषाच गेली. कापडी वेष्टणाच्या नव्या तारा आत पीव्हीसी घालून बनवल्या जातात. त्या दिसायला जुन्या आणि वापरायला सुरक्षित. आणखी एक सापळा: साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे, आजच्या नेमकं उलट. बॅटरीवर तशी चिठ्ठी चिकटवून ठेवा, नाहीतर गॅरेजमधला पोरगा ‘चूक’ सुधारेल आणि रेडिओ जाळून बसेल.

लाकूड खरोखर होतंच, तर त्याचं व्हिनियर जपा. चांगल्या गाड्यांत एकाच लाकडाचे दोन लागोपाठचे पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे उघडून डावी-उजवीकडं लावत, म्हणून दोन्ही बाजूंच्या रेषा आरशातल्यासारख्या दिसतात. एक बाजू बदलली की जोडी फुटते. आणि त्यावर फर्निचरवाल्याचं चकचकीत मेलामाइन पॉलिश नको. मूळ चकाकी सेल्युलोज लॅकरची, थोडी खोल आणि मऊ. गंमत म्हणजे हा लॅकर आणि पहिल्या परिच्छेदातलं रेक्झिन एकाच रसायनाची लेकरं.

बसवायचा क्रम

आधी तारा, मग पत्र्यावर आवाज आणि उष्णता अडवणारा नमदा, मग छताचं अस्तर. अस्तर शिवलेल्या बोळ्यांतल्या पोलादी तारांवर टांगतं. प्रत्येक तारेचा बाक वेगळा असतो, म्हणून काढतानाच त्यांना क्रमांक द्या. ताणायला सुरुवात मधल्या रेषेवर पुढं आणि मागं, मग दोन्ही बाजूंना थोडं थोडं. सुरकुत्या राहिल्या तर वाफेनं जातात. मे महिन्यात हे काम दुपारी करू नका. पारा ४० च्या वर असला की चिकटवायचं सोल्यूशन हात फिरायच्या आत वाळतं. आणि बंद गाडीत तेच ऊन जुना गोंद सोडवतं, म्हणून जिथं मूळ गाडीत चूक किंवा क्लिप होती तिथं ती लावाच, नुसत्या गोंदावर विसंबू नका.

अस्तरानंतर पुढची-मागची काच, कारण कित्येक गाड्यांत अस्तराची कड काचेच्या रबराखाली जाते. मग दाराच्या चौकटीची कापडी झालर, मग बाजूची पॅनलं, डॅशबोर्ड, कार्पेट आणि शेवटी सीट. घाईनं सीट आधी बसवली, की त्यावर उभं राहून सगळी माणसं छताचं काम करतात.

कुठं थांबायचं

२०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. गाडी मूळ रूपात राखलेली असावी आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नसावेत, ही त्यातली अट. सीटच्या टाक्यांबद्दल कायदा काही विचारत नाही. ते विचारायचं तुमच्याच वहीनं.

त्या वहीत शेवटी तीन रकाने आखा: मूळचं जपलेलं, मूळच्यासारखं नवं केलेलं, आणि सोयीसाठी बदललेलं. सीटबेल्ट लावला असेल तर तिसऱ्या रकान्यात तो मोकळेपणानं लिहा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मग जुन्या कापडाचा, धाग्याचा आणि तरटाचा एकेक तुकडा कागदी पाकिटात घालून, वर तारीख टाकून, मागच्या सीटखाली ठेवा. चाळीस वर्षांनी कोणीतरी ती सीट पुन्हा उसवेल. त्याला दुकानदारानं रेक्झिन म्हणून काहीही दाखवलं, तरी त्याच्या हातात खरं काय होतं ते असेल.